पावणेसहाची शेवटची गाडी

गेली दोन वर्षं आमच्या घरी संध्याकाळ झालेली नाही.

दुपार होते आणि मग एकदम रात्र होते. मधलं जे काही असतं ते बिबट्यानं नेलं. वारूळवाडीच्या बाहेर शेतात आमची वस्ती आहे, घराच्या तिन्ही अंगांना ऊस. दोन वर्षांपूर्वी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती आणि आमचा कुत्रा राजा तिच्या पायाशी लोळत होता. टरफलं झटकायला तिनं मान खाली घातली, वर केली, तेवढ्यात राजा नव्हता. ना आवाज, ना काही. उसाची पानं तेवढी हलत होती. दुसऱ्याच दिवशी मी ओट्याला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी मारून घेतली. तेव्हापासून बिबट्या मोकळा फिरतो आणि आम्ही पिंजऱ्यात बसून चहा पितो. (तो उसातून बघत असेल, तर घरी जाऊन पिल्लांना आमच्याबद्दल सांगत असणार!)

शिवाय मी एक शास्त्रशुद्ध उपायही केला होता. आमच्याकडे सगळ्याच वस्त्यांवर अंधार पडायच्या आत काही ना काही वाजवतात. कुणी भजनं लावतं, कुणी लावण्या. मी फोनवर स्वतः एक आवाज भरला. आधी फटाक्यांची माळ, मग शेजारच्या पाच कुत्र्यांचं भुंकणं, मग पत्र्याचा डबा आणि शेवटी खुद्द मी : "हाऽऽड! हाऽऽड! आत व्हा रे, आत व्हा!" रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फोन हे सगळं आपोआप वाजवतो. बिबट्यावर याचा काय परिणाम होतो ते ठाऊक नाही. आमच्यावर मात्र होतो. पहिला फटाका फुटला की आई हातात असेल ते टाकून आत, तिच्यामागून माझी बायको सुरेखा, शेवटी मी आणि मग कडी.

यंदा दिवाळीनंतर आईला नीट दिसेना म्हणून तपासून आणलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा. परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. मंचर मागं पडलं. मग म्हणाली, "बाळू, येक सांगू का?"

"सांग की."

"मला येकदा दिवस बुडताना उघड्यावर बसायचंय. मागं वळून न बघता."

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. आईनं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर ते बाजारातून येताना मीठ. अशा वेळी मी जे करतो तेच केलं, म्हणजे विचार न करता बोललो.

"आई, मी तुला समुद्रावर नेतो. तिथं ऊस नसतो."

(माझं भूगोलाचं ज्ञान एवढंच आहे.)

सुरेखा आईला आत्या म्हणते. ती म्हणाली, "एखादी गाडी करू. आत्यांना तेवढंच बरं पडेल."

इथं माझा स्वाभिमान आडवा आला. वीस वर्षं मी वारूळवाडीहून अवसरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या नोकरीला एसटीनं जातोय. कुठली गाडी कुठं लागते, कुठल्या बाजूला ऊन येतं, खिडकीतून पंचा कसा टाकायचा म्हणजे तो बरोबर दोन जागांवर पसरतो, हे सगळं मला येतं. "आईला बंद गाडीत मळमळतं," मी म्हणालो. "एसटीनंच जायचं. मी आहे ना!"

"तेच म्हणते मी," सुरेखा म्हणाली.

नारायणगावहून पुणं, पुण्याहून दापोली. पोचेपर्यंत आमची हाडं खिळखिळी झाली आणि माझा फोन वाटेतच बंद पडला. पण मी खूश होतो, कारण राहायची सोय मी डोकं लढवून केली होती. समुद्रकाठच्या गावात न राहता मी दापोलीत, बरोबर स्टँडला लागून लॉज घेतलं होतं. गाडी पकडायला सोपं! सकाळी सुरेखानं खिडकी उघडली. समोर दोन फलाट, एक रसवंती आणि रिव्हर्स घेणारी गाडी.

"आपला नारायणगावचा स्टँड काय वाईट व्हता?" आईनं विचारलं. टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

समुद्राचं गाव तिथून एसटीनं तासाभरावर. (गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून विसरलेले नसावेत.) दुपारी तीनची गाडी धरली. गाडी रिकामी होती, तरी मी सवयीनं पळत जाऊन खिडकीतून पंचा टाकला. कंडक्टर आतच बसला होता. त्यानं पंचा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बसा हो कुठंही. इथं कोणी पळवत नाही जागा."

गावात उतरल्यावर तोच म्हणाला, "परतीची शेवटची पावणेसहाला हां. त्यानंतर सकाळी सहाला."

"आणि इथं सूर्य किती वाजता बुडतो?"

"तो आपला साडेसहाच्या आसपास. त्याचं वेळापत्रक आमच्याकडे नसतं."

म्हणजे सूर्य आणि गाडी यांच्यात पाऊण तासाचा फरक, आणि मी मुक्काम टाकलेला स्टँडवर! आई वाळूत बसली. समुद्र बघून ती म्हणाली, "लई पाणी हाय." मग सूर्याकडे बघितलं. तो अजून दोन हात वर होता आणि त्याला काही घाई नव्हती. साडेपाचला मी आईला उठवलं. ती लगेच उठली, साडीची वाळू झटकली. ती एकदा तरी म्हणाली असती की थांब रे, तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना निदान खिडकीतून तरी दिसेल म्हणून मी आईला मोक्याची जागा धरून दिली. वीस वर्षांची सवय दगा देत नाही : मी बिनचूक सावलीची बाजू धरली! तसंही गाडी डोंगराकडे तोंड करून चाललेली, सूर्य आमच्या पाठीमागं. तो बुडाला ड्रायव्हरच्या आरशात, आणि आई व आरसा यांच्या मधोमध माझं डोकं होतं.

(या दिवशी सहाला काहीच वाजलं नाही. बंद पडलेला फोन मी लॉजवर चार्जिंगला लावून विसरून आलो होतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

दुसऱ्या दिवशी मी चौकशा करून तोड काढली. त्या गावातून रोज सात वाजता एक टेम्पो मासळी घेऊन दापोलीला येतो आणि माणसंही घेतो. आई माळकरी. तिला मी फक्त "टेम्पो" एवढंच सांगितलं. चार्ज झालेला फोन खिशात टाकला आणि निघालो.

पावणेसहाची गाडी आमच्यादेखत निघून गेली. कंडक्टरनं हात केला, मी ऐटीत हात हलवला. आई वाळूत पाय पसरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. समोर सूर्य वीतभर वर. मागं दहा पावलांवर एक कौलारू घर, त्याला लागून सुरूचं बन. सुरेखानं शेंगदाण्याची पुडी सोडली. आई म्हणाली, "आता बुडंल, न्हाई का?"

"आता बुडेल," मी म्हणालो.

आणि सहा वाजले.

फटाके फुटले! कुत्री भुंकली! डबा वाजला! किनाऱ्यावर क्रिकेट खेळणारी पोरं जागच्या जागी बसली. आणि माझ्या खिशातून माझाच आवाज गरजला, "हाऽऽड! हाऽऽड! आत व्हा रे, आत व्हा!"

आई उठली. पंच्याहत्तरीची बाई, गुडघ्यांनी अधू, पण अशी उठली की शेंगदाणे उडाले. मागं वळली, समोर दिसलेल्या घराची पायरी चढली आणि आत गेली. तिच्यामागून सुरेखा. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांच्यामागून मीही! आत शिरलो, दार लोटलं आणि कडी घातली.

मग मला कळलं की हे घर आपलं नाही.

आत एक काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या सुपातला हात सुपातच राहिला.

"कोण हो तुम्ही?"

"वारूळवाडीचे," मी म्हणालो. (दुसरं काय सांगणार?)

"आणि कडी का घातलीत?"

फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊन खिशात भुंकत होता. तो मी कसाबसा बंद केला. तोवर आई भिंतीला टेकून खाली बसली होती. सुरेखा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, काय नाय, काय नाय. आपण कोकणात हाये."

"राजा आत आला का?" आईनं विचारलं.

मग तिची तिलाच जाग आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काकूंना म्हणाली, "माफ करा बाई. सवय झालीय."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं, पाणी आणलं, कोकम सरबत केलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं : ऊस, राजा, जाळी, काचबिंदू, सहाचा आवाज. काकू एकट्याच राहायच्या, मुलं मुंबईला. त्यांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. माझं सांगून संपलं तेव्हा त्यांनी उठून कडी काढली. बाहेर सगळं राखाडी झालं होतं. क्रिकेटची पोरं घरी चालली होती, आणि सूर्य गेलेला होता.

"उद्या या," काकू आईला म्हणाल्या. "आणि तो फोन आणू नका."

सातच्या टेम्पोत आई मासळीच्या टोपल्यांमध्ये बसून दापोलीला आली. पदर नाकाला लावलेला, एक हात गळ्यातल्या माळेवर. माळेला वास लागू नये म्हणून तिनं ती मुठीत झाकून धरली होती. मी म्हणालो, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "तू काय करणार? तू तर आमच्या भल्यासाठीच वरडला व्हता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा दिवस शेवटचा. चौथ्या दिवशी सकाळी सातची दापोली–पुणे गाडी, तीन सीटं आरक्षित, तीही महिनाभर आधी! त्या आरक्षणाचा कागद मी पाकिटात देवाच्या फोटोमागं ठेवला होता. फोन लॉजवर, उशीखाली, बंद करून. पाच वाजता वाळूत बसलो. काकूही येऊन आईशेजारी बसल्या. मी टेम्पोची चौकशी करायला गेलो आणि तोंड पाडून परत आलो.

"काय झालं?" सुरेखानं विचारलं.

"टेम्पो वऱ्हाड घेऊन मंडणगडला गेलाय. उद्या येणार."

म्हणजे पावणेसहाची गाडी, नाहीतर रात्रभर इथंच. आणि सकाळी सहाच्या गाडीनं निघालो तर दापोलीला पोचेपर्यंत आमची आरक्षित गाडी आमच्याशिवाय पुण्याला निघालेली. आकाशही मळकट झालं होतं. वीस मिनिटं मी वाळूत येरझाऱ्या घातल्या. पावणेसहाला गाडी येऊन थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ वारूळवाडी! येताय ना?"

(बातमी गावभर झाली होती.)

आई हाताच्या आधारानं उठायला लागली. "चल बाळू. बगितला तेवढा लई झाला. तुझं रिजर्वेशन जाईल."

ती चपला शोधत होती. डाव्या पायाची तिच्या समोरच होती आणि ती तिला दिसत नव्हती. ती वाळू चाचपत होती.

"जा तुम्ही!" मी कंडक्टरला ओरडलो. एसटीला परत पाठवण्याची माझी ही पहिली वेळ. त्यानं घंटी मारली, गाडी वळली आणि धुळीसकट गेली.

"रात्री माझ्याकडेच राहा," काकू म्हणाल्या. "पडवीत चार माणसं सहज झोपतील." आईनं त्यांचा हात धरला आणि पुन्हा बसली. मला फार बरं वाटलं. एक मिनिटभर.

कारण मग काकू उठून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता गाडी गेली म्हणून सांगते हो. मागल्या महिन्यात त्या सुरूच्या बनात वाघाचे ठसे दिसले म्हणतात. मी काही पाहिलेले नाहीत."

"वाघाचे? म्हणजे बिबट्याचे?"

"आम्ही वाघच म्हणतो."

"अहो काकू, मग गाडी जायच्या आधी सांगायचं ना!"

"मग तुम्ही गेला असतात," काकू म्हणाल्या आणि आईशेजारी जाऊन बसल्या.

आता मी काय करणार? आईला सांगितलं तर ती आत जाऊन कडी घालणार, आणि पुन्हा बाहेर यायची नाही. कोकणातही नाही आणि घरीही नाही. काकूंच्या कुंपणातली एक काठी मी उपसली. आईच्या मागं जाऊन, तिच्या पाठीला पाठ लावून, बनाकडे तोंड करून बसलो.

"हे काय रं?" आई म्हणाली.

"तुला टेकायला."

ती टेकली. फारच हलकी झाली आहे आई. मी बनाकडे डोळे लावले. वारा सुटला की सुरूच्या फांद्या हलायच्या आणि दर फांदीमागं मला शेपूट दिसायची. एकदा काहीतरी खरंच हललं. मी काठी घट्ट धरली, घशाशी आलेलं "हाऽऽड" गिळलं आणि डाव्या पायातली चप्पल नेम धरून भिरकावली. आतून एक कोंबडी शिव्या देत बाहेर आली. (ती काकूंची होती. त्याबद्दल रात्री वेगळं ऐकून घेतलं.)

माझ्या पाठीमागं बायकांचं हळू आवाजात चाललं होतं. काकू म्हणाल्या, आमच्याकडे असंच असतं हो रोज. आई म्हणाली, आमच्याकडं पण असायचं. मग लाटांचा आवाज तेवढा येत होता. माझी पाठ आईच्या पाठीला होती, त्यामुळे मला न बघताही कळत होतं. ती आधी ताठ होती. मग हळूहळू सैल झाली. एकदाही वळली नाही. पाय गार पडले, बनात काळोख भरला, तरी ती वळली नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाळू, बगितला का रं?"

"बघितला की!" मी म्हणालो. "काय लालभडक गोळा! असा थेट पाण्यात बुडाला!"

सुरेखाला ठसका लागला. काकू वाळूत काहीतरी शोधायला लागल्या.

"आरं," आई म्हणाली, "आज ढग व्हतं. वीतभर वर असतानाच गेला ढगात. पाण्यात कुटं बुडाला?"

मी काठीनं वाळू उकरायला लागलो.

"नजर माझी चाललीय का तुझी?"

"म्हणजे तुला दिसलाच नाही?" मी तिच्याकडे वळून विचारलं. तीन दिवस, एक लॉज, मासळीचा टेम्पो, बुडालेलं आरक्षण आणि एक कोंबडी, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "आई, उद्या राहू आपण. परवापण राहू."

"कशाला? दिवस बुडला की. मी भाईर बसले व्हते. बास." तिनं माझ्या हातातली काठी चाचपून बघितली. तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं बनाकडे तोंडही वळवलं नाही. "तू तिकडं बगत व्हता, म्हणून तर मला मागं बगावं लागलं नाय."

मला रडू आलं. ते लपवायला मी चप्पल शोधायला गेलो, आणि बनात शिरायची हिंमत न झाल्यानं तिच्याशिवायच परत आलो. दुसऱ्या दिवशी वारूळवाडीपर्यंतचा सगळा प्रवास, गाड्या बदलत, बराचसा उभ्यानं, मी एका चपलेवर केला.

तर आता अवसरीला कॉलेजात सगळे विचारतात, कोकणातला सूर्यास्त कसा असतो हो? मी त्यांना खात्रीशीर माहिती देतो : पहिल्या रांगेत सुरूची एकेचाळीस झाडं आहेत, आणि डावीकडून नववं वाकडं आहे!